रक्ताच्या बदल्यात गोष्ट

मास्तरीण कोणाचं रक्त फुकट घेत नसे. एक नळी रक्त घेतलं की एक गोष्ट सांगायची, आणि गोष्ट पुरती ऐकल्याशिवाय माणसाला स्टुलावरून उठू द्यायची नाही. गोष्ट राजाराणीची नाही, तुमच्याच रक्तातली. साखर कोण वाहून नेतं, रक्त कमी झालं की दम का लागतो, ताप येतो तो कोण आणतो. बाहेर रांग दारापर्यंत गेलेली असायची, लोक चुळबुळ करायचे. ही मात्र सुई टोचलेल्या जागी कापूस दाबून धरायची आणि म्हणायची, "रक्त तुमचं हाय ना? मंग त्यातलं तुमाले मालूम नको?" शेवटी विचारायची, "सांगा आता, मी काय सांगतलं?" ज्याला सांगता आलं नाही त्याला ती पहिल्यापासून पुन्हा सांगायची. म्हणून लोक नीट ऐकायचे. घरी जायची घाई सगळ्यांनाच असते.

खरं तर ती मास्तरीण नव्हती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला होती. नाव तिला लोकांनी दिलं आणि तिनं ते घेतलं. मारेगावची, बौद्ध घरातली पोरगी. अंगानं लहानखुरी, चष्मा जाड, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या धुऱ्यावर जाईल असा. रागीटही होती. नळीवर नाव चुकीचं लिहिणाऱ्या नर्सला तिनं माझ्यासमोर असं झाडलं होतं की मलाच स्टुलावर अवघडल्यासारखं झालं. आणि एक गंमत सांगतो. दिवसाला शंभर माणसांना टोचणारी ही बाई स्वतःला इंजेक्शन घ्यायची वेळ आली की भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायची. मी पाहिलं आहे. हसलो तर म्हणाली, "हसा. दुसऱ्याचं घर बांधनं आन् आपलं बांधनं सारखं असते काय?"

घर बांधण्याचं ती बोलली कारण मी मिस्त्री. आमचा तांडा मुकुटबनच्या रस्त्याला. आमच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं, बापानं जमीन कसली, मी थापी धरली. शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पुढच्या वर्गात मास्तरानं मारलं, मी पाटी तिथंच ठेवून आलो आणि परत गेलो नाही. त्याचा मला पस्तावा नाही. केळापूरपासून मुकुटबनपर्यंत माझ्या हातची भिंत नाही असं गाव सापडायचं नाही, आणि त्यातली एकही अजून कललेली नाही. विहिरी तर किती बांधल्या त्याची मोजदाद नाही. तांड्यात माझ्याबद्दल एकच बोललं जायचं, की हा माणूस जन्मात एक दिवस आजारी पडला नाही. मी ते बोलू देत होतो.

मग बोटं धरली. सकाळी उठलो की मुठी उघडत नसत, जशा कोणी सिमेंटात घालून वाळवल्या. ऊन वर आलं की थोड्या सुटायच्या. मनगटं सुजली, गुडघे सुजले. तरी मी कामावर जात होतो. एके दिवशी परांचीवर उभा असताना थापी हातातून सुटली आणि खाली टोपलं घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या पायाजवळ पडली. बाईनं नुसतं वर पाहिलं. त्या दिवशी मी खाली उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो.

"बाही वर करा, बाबा."

"डॉक्टरनं लिहिलं तेवढंच घ्या मॅडम. जास्त घेऊ नका."

"जास्त घेऊन काय करू? भाजीत टाकू?"

अशी आमची ओळख झाली. मग तिनं विचारलं, काय काम करता. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमाले सांगाले सोपं जाईन." आणि जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर पेनानं एक गोल काढला. म्हणाली, आपल्या अंगात एक बारीक वस्तू असते. डोळ्याला दिसत नाही. तिचं नाव टीएनएफ. ज्यांनी शोधली त्यांनी तिला पहिल्यांदा अंगातली वाईट गाठ मारताना पाहिलं, म्हणून नाव ठेवलं गाठ मारणारा. पुढं दुसऱ्यांनी पाहिलं, तापही हाच आणतो. आजारी माणसाचं अंग वाळतं, ते वाळवणाराही हाच. जखम भरायच्या वेळी हाकारा करणाराही हाच. "पन नाव पह्यलंच राह्यलं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "माझ्यासारखं. मी एकदा शाळेचा संडास बांधला, तर दोन वर्षं लोक मले संडासवाला मिस्त्री म्हनत होते."

ती इतकी हसली की तिला चष्मा पुसावा लागला.

पण मला तिचं पटलं नव्हतं. मी म्हणालो, एकच गडी इतकी कामं करतो हे खोटं. माझ्या साइटवर जो सगळी कामं करतो त्याला एकही धड येत नाही. तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाली, "तो काम करतच नाई, बाबा. तो फक्त हाक देते. तुमच्या साइटवर मुकादम सकाळी 'चला' म्हनते का नाई? शब्द एकच. पन तो ऐकून तुमी थापी उचलता, बाई टोपलं उचलते, पानीवाला नळ सोडते. ज्याले जे येते ते तो करते. हाही तसाच मुकादम हाय. ज्या पेशीच्या कानावर हाक पडन, तिनं आपलं काम कराचं."

"मंग माझ्या बोटाले काय झालं?"

"काम संपलं तरी मुकादम वरडतच राह्यला. आता ऐकनाऱ्यायले काहीतरी तर करा लागते. मंग ते चांगली भिंतच फोडून राह्यले."

मी माझ्या बोटांच्या पेरांकडे पाहिलं. दुखण्याला नाव मिळालं की निम्मं दुखणं आपल्या हातात येतं असं मला त्या दिवशी वाटलं. दुखत तेवढंच होतं, पण आता मला माहीत होतं की आत कोण वरडतो.

तिची आणखी एक सवय होती, आणि तिच्यावर माझा जीव बसला तो त्या सवयीमुळं. आपलं चुकलं की ती माणसाला परत बोलावून सांगायची. एका म्हाताऱ्याला तिनं साखरेबद्दल काही उलटं सांगितलं होतं. आठ दिवसांनी तो बाजाराला आलेला दिसला, तर रस्त्यात हाक मारून म्हणाली, "काका, मी त्या दिवशी चुकीचं सांगतलं, आता बरोबर ऐका." म्हातारा तर काय सांगितलं होतं तेही विसरला होता. मी मनात म्हणालो, ही पोरगी वेडी आहे. कोण पाहतं? भिंतीच्या आतली वीट तिरपी बसली तर वरून गिलावा असतोच.

नागपूरच्या सांध्याच्या डॉक्टरांनी वर्षभर गोळ्या दिल्या. फरक पडला, पण थापी धरण्याइतका नाही. मग ते म्हणाले, आता इंजेक्शन देऊ. सरकारी योजनेत त्याचा खर्च बसला. मास्तरणीला सांगितलं तर तिला माझ्याहून जास्त आनंद झाला. "हे इंजेक्शन म्हंजे त्या मुकादमाच्या तोंडावर हात," ती म्हणाली. "वरडनं बंद, तर फोडनं बंद." पण आधी दोन तपासण्या होत्या, छातीचा फोटो आणि हाताच्या कातडीत एक टोचणी. ती जागा तिसऱ्या दिवशी सुजली तर अंगाची टीबीशी कधीतरी गाठ पडली आहे, असं समजायचं. आणि एक कागद भरायचा होता. त्यावर विचारलं होतं, आधी टीबी झाला होता का. माझी बायको जमनी बाजूला बसली होती. मी म्हणालो, "नाई."

आता खरं सांगतो. झाला होता. बावीस वर्षांचा होतो, घरापासून दूर कालव्याच्या कामावर होतो. खोकला लागला, एकदा रक्त पडलं. तिथल्या डॉक्टरनं खूप महिन्यांच्या गोळ्या सांगितल्या. दोन महिने खाल्ल्या, खोकला गेला, भूक लागायला लागली, तेव्हा उरलेल्या मी कालव्याच्या पाण्यात टाकून दिल्या. कारण घरून निरोप आला होता की लग्न जमतं आहे. आमच्यात सोयरीक ठरते तेव्हा दोन्हीकडची माणसं बसतात आणि गूळ खातात. एकदा गूळ तोंडात गेला की शब्द पक्का. जमनीच्या काकानं गूळ हातात ठेवून विचारलं होतं, "पोराले काही दुखनं-बिखनं?" मी "काही नाही" म्हणालो आणि गूळ खाल्ला. त्या दिवसापासून मला टीबी झाला नव्हता. सांगून सांगून मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

टोचणीच्या तिसऱ्या दिवशी मी गेलो तो पूर्ण बाहीचा सदरा घालून. ऑक्टोबरचा उकाडा होता. जमनी सोबत होतीच, सुजलेल्या गुडघ्यांमुळं मला एकट्याला बसमध्ये चढता येत नव्हतं.

"एवढ्या उकाड्यात थंडी वाजून राह्यली का?" मास्तरणीनं विचारलं.

"मिस्त्री मानूस हो. अंगाले सवय हाय."

"वर करा."

वर केली. जागा रुपयाहून मोठी सुजलेली, लाल. मी आधीच तयारी करून आलो होतो. म्हणालो, "सिमेंट चावलं. काल थोडं काम पाहाले गेलतो."

तिनं पट्टी लावून मोजलं. "सिमेंट मोठं हुशार हाय बाबा. मी टोचलं त्याच जागी बरोबर येऊन चावलं."

मग तिनं छातीचा फोटो उजेडाला धरला. वरच्या बाजूला एक पांढरट डाग होता, जुना. तिनं विचारलं, मी नाही म्हणालो. पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो, आणि आवाज चढवला. म्हणालो, माझ्या शब्दावर लोक घरं बांधायला देतात. तिनं टेबलाच्या खणातून वही काढली, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "मीच तुमाले चुकीचं सांगतलं होतं."

मला वाटलं ती माघार घेते आहे.

"मी तुमाले सांगतलं की हा मुकादम खराब हाय, त्याचं तोंड बंद करू. ते अर्धंच होतं. तुमचं इंजेक्शन ठरल्यावर मी पुन्हा वाचलं. टीबीचा जंतू अंगात गेला की कधीकधी मरत नाई. मंग अंग त्याच्या चारी बाजूनं पेशींची भिंत बांधते आन् त्याले आत कोंडते. तो आत झोपून राह्यते, वीस वर्षं, चाळीस वर्षं. मानसाले मालूमही नसते. तुमी विहीर बांधता. बांधून झाली की विहिरीची भिंत आपोआप उभी राह्यते काय?"

"माती ढकलत राह्यते," मी म्हणालो. "रोज. दगड सरकला की बसवा लागते."

"तसंच हे. त्या भिंतीवर रोज मानूस पाहिजे. आन् मानसाले भिंतीवर ठेवते कोन? हाच मुकादम. जो तुमची बोटं फोडून राह्यला, तोच छातीतली भिंत सांभाळून राह्यला, जर आत काही असन तर. इंजेक्शनानं त्याचं तोंड बंद केलं तर बोटं सुटतीन. पन भिंतीवरचे गडीही घरी जातीन. मंग आतला जागा होईन आन् पुऱ्या अंगात फिरन." तिनं वही बंद केली. "मी पह्यल्या वेळी हे सांगतलं नाई. माझी चूक. सांगा आता, मी काय सांगतलं?"

मी सांगू शकलो नाही. ऐकू सगळं आलं होतं. जमनी माझ्याकडं पाहत होती. मास्तरणीनं या वेळी पुन्हा सांगितलं नाही. म्हणाली, "जा. विचार करून या."

बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. शिकलेली बाई, सरकारी नोकरीतली, एका अडाणी मिस्त्रीसमोर म्हणते की माझी चूक. तिला कोणी पकडलं नव्हतं. ती बोलली नसती तर मला जन्मात कळलं नसतं. आणि मी चाळीस वर्षांवर एक वीट तिरपी ठेवून वरून गिलावा मारत बसलो होतो. मला तिचा राग आला. मग माझा आला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून मी जमनीला न घेता गेलो. रांगेतून पुढं घुसलो, लोकांनी शिव्या दिल्या. म्हणालो, "झाला होता. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, बाकी फेकल्या." ती रागावेल म्हणून मी मान ताठ करून उभा होतो. ती रागावली नाही. किती साल झाले, गोळ्या कोणत्या रंगाच्या होत्या, रक्त किती वेळा पडलं, सगळं लिहून घेतलं. थुंकी तपासायला घेतली. मग म्हणाली, "आता काकूले सांगा."

"तू सांग ना, पोरी."

"मी कायले सांगू? गूळ मी खाल्ला होता काय?" गुळाचंही मीच तिला सांगून बसलो होतो.

घरी जमनी अंगणात तूर पाखडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, काकाचं, कालव्याचं. ती सूप हलवत राहिली. सुपातलं संपलं तेव्हा म्हणाली, "तुमी एक लपवलं, मी एक लपवलं."

"तू काय लपवलं?"

"मले अंधारात दिसत नाई. लहानपनापासून. मायनं सांगतलं होतं, गूळ खाईपर्यंत तोंड उघडू नको."

दिवस मावळला की ही बाई उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नसे, आणि मी सारा जन्म तिला भुताला भिते म्हणून चिडवत होतो. साऱ्या तांड्यासमोर चिडवत होतो. ती एकदाही उलटून बोलली नव्हती. मग तिनं सूप माझ्या अंगावर झटकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, माझं दुखणं कोणाला लागत नाही, तुमचं लागतं. बरोबर होतं. मास्तरणीनं तिचीही तपासणी केली. ती ठीक निघाली, तेव्हा मी देवळात जाऊन नारळ फोडला.

माझ्या थुंकीत जंतू निघाला नाही. आतला झोपलेलाच होता. डॉक्टर म्हणाले, आधी सहा महिने रोज गोळी, इंजेक्शन नंतर. सहा महिने बोटं तशीच राहणार. आणि गोळी चालू आहे तोवर दारूचा थेंब नाही. होळी त्यातच आली. तांड्यात होळी म्हणजे काय ते आमच्या लोकांना सांगायला नको. सगळे नाचले, मी खाटेवर कोरडा बसलो. कोणी विचारलं तर म्हणायचो, पोट बिघडलं. बाहेरच्यांना अजून काही ठाऊक नव्हतं, आणि कळू द्यायचा माझा विचारही नव्हता.

पाचव्या महिन्यात सहन होईना. मी दवाखान्यात जाऊन तिच्यावर ओरडलो, बस झालं, मला इंजेक्शन द्यायला सांग. तीही ओरडली. म्हणाली, "सोडा! तुमाले सवयच हाय, अर्ध्यात सोडाची." सगळ्या रांगेसमोर बोलली. कशाबद्दल ते फक्त मला कळलं. मी तसाच निघून आलो आणि महिनाभर तिचं तोंड पाहिलं नाही. पण गोळी एक दिवस चुकवली नाही. या वेळी मी अर्ध्यात सोडत नाही हे मला तिला दाखवायचं होतं. ती माणसं ओळखायची. मला वाटतं, तिनं ते जाणूनच म्हटलं होतं.

इंजेक्शन सुरू झालं आणि काही आठवड्यांत सकाळची मूठ उघडायला लागली. आधी अंगठा, मग एकेक बोट. चार महिन्यांनी मी तांड्यात पाण्याच्या टाकीला छोटीशी आडभिंत बांधली, कमरेइतकी. तांड्यात रक्त तपासणीचं शिबिर होतं तेव्हा मास्तरीण आली. मी तिला हाताला धरून भिंतीजवळ नेलं. ती म्हणाली, छान आहे. मी म्हणालो, छान म्हणून चालणार नाही, बस. आणि ओळंबा कसा सोडायचा, सांध्यावर सांधा का येऊ द्यायचा नाही, भिंतीला इतके दिवस पाणी का पाजायचं, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "सांग आता, मी काय सांगतलं?" तिला निम्मंच आलं. मी पुन्हा सांगितलं. सोबतची माणसं गाडीत बसून भोंगा वाजवत होती, आणि ती शहाण्या पोरीसारखी ऐकत होती.

मग कोरोना आला. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन. "बाबा, तुमी इंजेक्शनवाले. तुमच्या मुकादमाचा आवाज आपन कमी केला हाय. घराच्या बाहेर पडू नका. आन् इंजेक्शन मनानं बंदही करू नका, डॉक्टरले विचारा." दर आठ दिवसांनी फोन करायची. तिकडं ती दिवसभर लोकांच्या नाकातोंडात काड्या घालून नमुने घेत फिरत होती. मी म्हणायचो, तू सांभाळ. ती म्हणायची, "माझा मुकादम तगडा हाय."

दुसऱ्या लाटेत फोन आला नाही. आठ दिवस वाट पाहिली, मग मी लावला. तिच्या भावानं उचलला. ताई गेली म्हणाला. पहिले काही दिवस ठीक होती, मग एकदम बिघडलं. डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं होतं आणि त्यानं मला सांगितलं. विषाणूनं जितकं बिघडवलं त्याहून जास्त तिच्या स्वतःच्या अंगानं बिघडवलं. आतले सगळे हाक देणारे एकदम ओरडत सुटले, थांबले नाहीत, आणि ऐकणाऱ्यांनी तिची फुप्फुसं जाळली. तो टीएनएफ हे नाव बोलला नाही. एक नव्हता, असे पुष्कळ होते म्हणाला. पण त्यात तोही असणार हे मला कळलं, मला तिनंच शिकवलं होतं. माझ्या अंगातल्याचं तोंड तिच्यामुळं धरलेलं होतं. मी जिवंत होतो. तिची माती मला पाहता आली नाही, बाहेर पडायचं नाही असं तिनंच सांगून ठेवलं होतं.

सगळं निवळल्यावर तिच्या घरच्यांनी मारेगावला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला, वर्षाच्या दिवशी. तांड्यातून आम्ही आठ-नऊ जण जीप करून गेलो. सगळ्यांचं रक्त कधी ना कधी तिनं घेतलेलं होतं. अंगणात मांडव, सतरंजी, तिचा हार घातलेला फोटो. त्रिशरण झालं. मग लोक एकेक करून बोलले. दवाखान्याचे डॉक्टर बोलले, तिच्या शाळेतले मास्तर बोलले. चांगली मुलगी होती, मनमिळाऊ होती, असं बोलले. मनमिळाऊ ती नव्हती. मला राग यायला लागला. कोणी खरं सांगत नव्हतं की ती काय करायची.

तिच्या भावानं विचारलं, "अजून कोनाले बोलाचं हाय काय?"

मी बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. बाजूला आमच्या तांड्याचा प्रमुख, नाईक बसला होता, मागं माझा थोरला व्याही, आणि ती सगळी माणसं ज्यांना मी सारा जन्म सांगत आलो की मला कधी काही झालं नाही. जमनीनं माझ्याकडं पाहिलं. मी बसल्या जागी, खाली सतरंजीकडं पाहत म्हणालो, "मले टीबी झाला होता. मी अर्ध्या गोळ्या फेकल्या आन् बायकोच्या घरच्यायले खोटं सांगून लग्न केलं. या पोरीनं ते माझ्याकडून काढून घेतलं, म्हनून मी हाय."

नाईकानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात मागून, बायकांच्या बाजूनं, एक बाई बोलली, "बाबा, मागं काईच ऐकू येऊन नाई राह्यलं."

मी उभा राहिलो, टोपी काढली, आणि मागच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.